कौतिकअक्का आणि तिचं पॅसेंजर पातेलं

आमच्या देवपुरात दुपारी जेवणाच्या वेळेला कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलात, तर एक दुचाकी जाताना हमखास दिसेल. पुढे मोबाइलवरून बोलावलेला चालक, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली साठी ओलांडलेली बाई. डोक्यावर आधी पदर, पदरावर हेल्मेट, हेल्मेटखालून निघालेलं पदराचं टोक दातात धरलेलं, आणि मांडीवर फडक्याने तोंड बांधलेलं एक भलंमोठं पातेलं. चालकाला धरायला तिचा हात मोकळा नसतो. मी पातेलं धरते आणि पातेलं मला धरतं, असा तिचा दावा आहे.

ही कौतिकअक्का. एकदा चौकातल्या पोलिसाने गाडी थांबवून तिला समजावलं, "आजी, पॅसेंजरने नीट धरून बसायचं असतं."

"पॅसेंजर मी नही, भाऊ," अक्का म्हणाली. "पॅसेंजर हाई पातेलं शे. मी ते त्याना संगे शे."

पोलिसाने पातेल्याकडे पाहिलं. आतून पातोडीच्या रश्श्याचा वास येत असणार, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याची विचारणा माझ्याकडे आली की आमच्या गल्लीतही पातेलं येतं का.

माझ्याकडे म्हणजे माझ्या झेरॉक्सच्या दुकानात. पांझरेच्या पुलाच्या देवपूरकडच्या तोंडाशी शेअर रिक्षांचा स्टँड आहे. स्टँडला लागून अक्काची खानावळ आणि खानावळीला लागून माझं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे फोडणी पडली की इकडे माझं गिऱ्हाईक शिंकतं. अक्का मला झेरॉक्सभाऊ म्हणते. इतक्या वर्षांच्या शेजारात तिने माझं खरं नाव एकदाही विचारलेलं नाही. मीही आता ते कुणाला सांगत नाही.

अक्काच्या खानावळीला पाटी नाही. दोन बाकडी, एक चूल, एक गॅस आणि एक पाण्याचा माठ. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पातोडीचा रस्सा, शेवभाजी, ठेचा. हे सगळं आमच्याकडे घरोघरी होतं, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते तिच्या जागेचं. रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही, हा आमच्या स्टँडचा कायदा. आणि रिक्षा भरायला वेळ लागतो. 'एक सीट, एक सीट' असं ओरडत रिक्षावाला फिरतो, आणि तोवर बसलेला माणूस काय करणार? उतरून अक्काकडे चहा पितो, एखादी भाकरी मोडतो, आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेवतो, शेजारच्या टपरीवर पान लावतो. आम्ही सगळे त्या खोळंब्यावर जगत होतो. लोकांचा वेळ वाया जात होता आणि आमचे संसार चालत होते, इतकं ते सरळ होतं.

या खोळंब्यात अक्काला एक मानाचं काम होतं. त्याला भरतीची सीट म्हणत. रिकाम्या रिक्षात पहिला चढायला कुणी धजत नाही, पण आत एखादं माणूस दिसलं की बाकीचे धावत येतात. म्हणून स्टँडवरचा सर्वांत जुना रिक्षावाला सुकलाल हाक मारायचा, "अक्का, जराशी बठी ले." अक्का हातातला झारा ठेवायची, पदर सारखा करायची आणि गावाला निघाल्यासारखा चेहरा करून रिक्षात जाऊन बसायची. रिक्षा भरली की 'अय माय, दूध उतू गयं' म्हणून खाली उतरायची.

नुसतं बसायचं, गप्प राहायचं, हे तिला जमणारं नाही. कुणी विचारलं कुठे निघालात, तर ती म्हणायची भाचीच्या लग्नाला. मग भाची कुठली, मुलगा काय करतो, मांडव किती मोठा, सगळं सांगायची. एकदा शिरपूरकडच्या एका बाईला ते लग्न इतकं पटलं की तिने पिशवीतून ब्लाउज पीस काढून नवरीसाठी म्हणून अक्काच्या हातात ठेवला. रिक्षा भरली, अक्का उतरली, बाई गेली आणि ब्लाउज पीस राहिला. तो परत करायला अक्का त्या बाईचं गाव शोधत गेली. तिथे तिने लग्न मोडल्याचं सांगितलं. ती बाई म्हणे डोळ्यांना पदर लावून रडली, आणि जेवल्याशिवाय काही तिने अक्काला सोडलं नाही.

मग या मोबाइलवाल्या दुचाक्या आल्या. माणूस घरात पायात चप्पल घालेपर्यंत गाडी दाराशी. ना 'एक सीट', ना खोळंबा. कॉलेजची पोरं आधी गेली, मग नोकरदार, मग गुडघेदुखीवाल्या मावश्यासुद्धा. स्टँडवर रिक्षा उभ्या आणि रिक्षावाले रिक्षात झोपलेले. त्यातले बरेचसे गिऱ्हाइकाच्या शोधात बसस्टँडकडे उभे राहायला लागले. पानवाल्याने टपरी उचलून भावाच्या गावाला नेली. मी दुकानात बसून सरकारला, मोबाइलला आणि नव्या पिढीला शिव्या घालत होतो. मला ते काम चांगलं जमतं आणि त्याला भांडवल लागत नाही.

अक्काचा मुलगा प्रवीण सुरतला असतो. कापडाच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. स्टँड ओस पडल्याचं त्याला कळलं तसा त्याचा मला फोन आला. "काका, आता तरी तिला सांगा. बंद कर म्हणावं आणि इकडे ये. या वयात कुणासाठी भाकऱ्या थापते?" त्याचं चुकीचं नव्हतं. मी निरोप दिला. अक्का पीठ मळत होती, तिने मान वर केली नाही.

"मानसं गयात कोठे?" तिने मला विचारलं.

"घरी असतील. ऑफिसात असतील."

"मंग त्यास्ले तठे भूक लागत नही का?"

दुसऱ्या दिवशी तिने पातेलं भरलं, तोंड फडक्याने बांधलं आणि मला म्हणाली, "झेरॉक्सभाऊ, ती फटफटी बलाव."

मी तिला समजावलं, की पातेलं नुसतं चालकाच्या हवाली कर, तो पोचवून येईल, लोक तसंच करतात. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू तान्हं मूल एसटीत एकटं बसवायला सांगत होतो. "अन्न एकलं जात नही, भाऊ." तिच्या माहेरी शेतात शिदोरी घेऊन जाणारी बाई शिदोरी ठेवून परत फिरत नसे. बांधावर बसायची, माणूस जेवेपर्यंत थांबायची, काय हवं नको बघायची आणि मग भांडी घेऊन यायची. अक्काच्या मते खानावळीचं अन्न म्हणजे काही वेगळं नव्हतं.

गाडी माझ्या फोनवरून मागवली. भूषण नावाचा, तिशीचा, सडपातळ चालक आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बसा काका." मी अक्काकडे बोट दाखवलं. त्याने अक्काकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि ओटीपी विचारला. तो मी अक्काला आधीच सांगून ठेवला होता. तीच माझी चूक झाली.

"नही सांगाऊ," अक्का म्हणाली.

"अक्का, त्याला सांगावाच लागतो."

"बँकना साहेबनी सांगेल शे. हाऊ नंबर सख्खा भाऊले बी सांगाना नही."

भूषणने हात जोडले, मी हात जोडले. अक्का ढिम्म. शेवटी तिची पाठ वळल्यावर मी तो नंबर भूषणच्या कानात सांगितला. आजही तसंच चालतं. नंबर न सांगता गाडी चालते यावरून अक्काचं मत असं झालंय की हे दुचाकीवाले बँकेपेक्षा सरळ लोक आहेत.

पहिल्या दिवशी ती एका पतपेढीत गेली. तिथले चौघे-पाच जण पूर्वी आमच्या स्टँडवरून जायचे. त्यांनी पैसे दिले, आभार मानले आणि ताटं टेबलावर ठेवून कामाला लागले. थोड्या वेळाने साहेबांनी पाहिलं तर अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली. "काही राहिलं का?" त्यांनी विचारलं. "तुम्हनं जेवन ऱ्हायनं," अक्का म्हणाली. त्या पतपेढीत त्या दिवशी सगळे वेळेवर जेवले. कॅशियरला तिने भाकरीचा काठ खायला लावला. बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघणाऱ्या भूषणलाही आत बोलावून ताट दिलं. त्याच्या पुढच्या दोन फेऱ्या हुकल्या आणि पोट भरलं. पुढे बहुतेक वेळा तोच येऊ लागला.

या पद्धतीने धंदा कसा चालेल, असा प्रश्न मला पडला होता. तुम्हालाही पडला असेल. पण अक्का हिशेबाला कच्ची नाही. तिने एका दिवशी एकच गल्ली असा नेम धरला. आज दत्त मंदिराची गल्ली, उद्या होस्टेलमागची. एकाच फेरीत अख्खी गल्ली जेवते, एका घरी पातेलं उघडतं आणि शेजारचे ताटं घेऊन तिथे येतात. देवपुरातल्या ज्या कॉलनीत लोक एकमेकांची आडनावं फाटकावर वाचत होते, तिथे आता मंगळवारी दुपारी एकाच ओट्यावर सात-आठ जण रस्सा ओरपत बसलेले असतात.

दुसरी एक गोष्ट आपोआप झाली. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. अक्काचं पातेलं रिकामं झालं की घरच्या बाईला ते तसंच देववेना. कुणी त्यात मूठभर तांदूळ टाके, कुणी दोन लिंबं, कुणी झाडाचा कढीपत्ता. होस्टेलच्या पोरांकडे काहीच नसे, त्यांनी एकदा बिस्किटाचा पुडा आणि एकदा नव्या वर्षाचं कॅलेंडर टाकलं. भूषण म्हणायचा, जाताना वजन कमी असतं, येताना गाडी दबते.

फेरी संपली की माझा फोन विचारतो, चालकाला किती तारे द्यायचे. अक्काला हे फार आवडतं. "जेवना का तो?" ती मला विचारते आणि उत्तरही तीच देते. पोटभर जेवला तर पाच तारे. अर्धी भाकरी टाकली तर चार. एक चालक डाएटवर होता, त्याने नुसतं ताक घेतलं. गाडी त्याने फुलासारखी चालवली होती, तरी त्याला एकच तारा मिळाला. माझ्या नावावर त्या बिचाऱ्याचं नुकसान झालेलं मला अजून खटकतं.

पण हे सगळं सुकलालच्या नाकाला मिरच्या झोंबवणारं होतं. ज्या गाड्यांनी रिक्षावाल्यांचं पोट मारलं, त्याच गाडीवर अक्का हेल्मेट घालून फिरते, हे त्याला सहन होईना. एक दिवस तो खानावळीसमोर येऊन उभा राहिला. बाकड्यावर बसला नाही.

"अक्का, तू आमनी ना? मंग त्यासन्या गाडीवर कशी काय बठनी?"

"पोटले पंख नही ना रे," अक्का म्हणाली. "जठे भूक शे, तठे जानं पडस."

"जाय मंग. आमन्याकडे येऊ नको." असं म्हणून तो गेला आणि त्याच्यामागे सगळे रिक्षावाले गेले. दुसऱ्या दिवसापासून एकही जण खानावळीत फिरकला नाही. सगळे बसस्टँडकडे वडापाव खाऊ लागले. अक्का मात्र रोज त्यांच्या भाकऱ्या थापायची, आणि दुपार उलटली की त्या झाकून ठेवून माझ्या दुकानाकडे पाठ करून बसायची. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग एका दुपारी तिने भूषणला सांगितलं, बसस्टँड. मलाही संगती चल म्हणाली, म्हणून मी माझ्या स्कूटरवर मागोमाग. बसस्टँडच्या कोपऱ्यावर सुकलालची रिक्षा रिकामी उभी होती. सुकलाल 'एक सीट, एक सीट' करत पलीकडे होता. अक्का भूषणच्या गाडीवरून उतरली, हेल्मेट काढून त्याच्याकडे दिलं आणि पातेल्यासकट सरळ सुकलालच्या रिक्षात जाऊन बसली. पदर सारखा केला. चेहरा गावाला निघाल्यासारखा केला.

सुकलालने वळून पाहिलं. "अक्का, उतर."

अक्का समोर बघत राहिली. तेवढ्यात रिक्षात माणूस बसलंय म्हटल्यावर दोन बाया चढल्या. मग एक मास्तर चढला. मग पिशवीवाला एक गृहस्थ. कितीतरी दिवसांत सुकलालची रिक्षा अशी भराभर भरली नव्हती.

"गाडी भरनी, सुकलाल," अक्का म्हणाली. "आते चाल."

भरलेली रिक्षा सोडून भांडत बसणारा रिक्षावाला अजून जन्माला यायचाय. सुकलाल मुकाट निघाला. मागे भूषण, त्याच्यामागे मी, अशी आमची वरात देवपुरात आली. वाटेत अक्काने पॅसेंजरना भाचीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं की नाही, ते मला ऐकू आलं नाही. सगळे उतरले. रिक्षात अक्का, पातेलं आणि पुढे पाठमोरा सुकलाल एवढेच राहिले. अक्काने फडकं सोडलं, ताट वाढलं आणि त्याच्या खांद्यावरून पुढे केलं. त्याने तोंड रस्त्याकडे ठेवूनच ताट घेतलं आणि तसंच रस्त्याकडे बघत सगळं संपवलं. दुसरं ताट तिने भूषणला दिलं. तो रिक्षाच्या दांड्याला टेकून जेवला.

"ठेचा शे का अजून?" सुकलालने रस्त्यालाच विचारलं. रुसवा तिथे संपला.

तेव्हापासून रिक्षावाले परत आले. दुचाकीवालेही येतात. दोघांनी वेगवेगळ्या बाकड्यांवर बसायचा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा अक्काने एक बाकडं आत नेऊन त्यावर पिठाचे डबे ठेवले. आता एकाच बाकड्यावर बसतात, भाड्यावरून एकमेकांना टोचून बोलतात आणि एकाच वाटीत भाकरी बुडवतात. आणि गंमत अशी, की दुचाकीवाल्यालाही फोन वाजेपर्यंत कुठेतरी थांबावंच लागतं. "पहिले बठनारा थांबेत, आते चालवनारा थांबतस," अक्का म्हणते. खोळंबा गेला नव्हता, फक्त माणसं बदलली होती. पानवाला मात्र परत आला नाही, आणि माझी झेरॉक्स अजून मंदच आहे. सगळ्यांचं सगळं जुळून आलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

गेल्या महिन्यात प्रवीण आला. कुणीतरी त्याला अक्काचा हेल्मेटमधला फोटो पाठवला होता. दुपारी मी त्याला घेऊन खानावळीत गेलो, तेव्हा बाकडं गच्च भरलं होतं. सुकलालने त्याला जागा करून दिली. भूषणने पाणी दिलं. प्रवीण सगळ्यांबरोबर जेवला, आणि चांगला चार भाकऱ्या जेवला. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो ठरवून आलेला होता. दुपार कलली, रिक्षावाले आणि दुचाकीवाले कामाला गेले, आणि आम्ही तिघेच राहिलो.

"माय, सगळं बठ्ठं व्हयनं. आते चाल," तो म्हणाला. "मी उद्यानी तिकिटं काढेल शेत. एखादी गाडीवरून तू पडनी तर मी कोठे तोंड दखाडू?"

अक्का परात घासत होती. ती घासतच राहिली.

"तठे तुले काय कमी शे?" प्रवीणचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "सून काही बोलस का?"

"नही रे भाऊ. सून सोनानी शे." अक्काने परात पालथी घातली आणि हात पदराला पुसले. मग ती त्याच्यासमोर चुलीपाशी बसली. "गयथी ना मी मागला सालले. पंखा शे, टीव्ही शे, खाटलं शे. तू बारा वाजता येस, ती तीन वाजता येस, पोरं आपला टाइमवर. ज्याले भूक लागस, तो मोबाइल हातमा लेस. मी दिवसभर चुलाकडे देखीसन बठू." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तठे बठ्ठं शे, प्रवीण. पन माले कोन्ही 'भूक लागनी' म्हनत नही."

मला वाटलं, आता तो काहीतरी समजूत घालेल. सुरतला मी रोज वेळेवर येईन, मुलांना सांगेन, असं काहीतरी. माझ्या तोंडाशीही तसलंच आलं होतं, कारण मला भरून आलं की मी उगाच बोलतो. पण प्रवीण बुटांकडे बघत बसून राहिला. बाहेर एक रिक्षा येऊन थांबली आणि गिऱ्हाईक नाही बघून निघून गेली.

मग त्याने मान वर केली.

"माय," तो म्हणाला, "भूक लागनी."

"आते ते खादं ना तू," अक्का म्हणाली, पण तोवर ती उठलेली होती आणि तिने परात सरळ करून पीठही घेतलं होतं.

त्याने त्यानंतर दोन भाकऱ्या खाल्ल्या. पोटात जागा नव्हती, हे मला दिसत होतं आणि अक्कालाही दिसत असणार. ती समोर बसून त्याच्या ताटाकडे बघत होती, मध्येच ठेचा वाढत होती, आणि तो नको म्हणत नव्हता. दुसऱ्या दिवशी एक तिकीट रद्द करून तो सुरतला गेला. भूषण त्याला बसस्टँडवर सोडून आला, आणि भूषणला किती तारे द्यायचे हे सांगायला अक्का माझ्या दुकानात आली.